त्याचं नाव त्यालाच विचारा



सेरेब्रल पाल्सी असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आई एसटीत चढली, की शेजारची कुणीतरी विचारतेच, "काय झालंय हो याला? पोलिओ का?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "याला कळतं का काही?" विचारणारीच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण मूल तिथेच बसलेलं असतं, आणि पुष्कळदा त्याला तो प्रश्न पुरता कळलेला असतो. मुलांच्या फिजिओथेरपीचं काम करताना आयांकडून मी हा प्रसंग इतक्यांदा ऐकते, की आज बोलायचं ते त्याच प्रश्नाबद्दल असं ठरवून आले आहे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत, वाढत्या मेंदूच्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला इजा होते. ही इजा पुढे वाढत जात नाही, पण पुरती भरूनही येत नाही. हजार बाळांमागे साधारण दोन-तीन बाळांना हा त्रास असतो. पोलिओत स्नायू लुळे पडतात. इथे बहुतेक मुलांचे स्नायू उलट ताठरतात. लंगोट बदलताना मांड्या उघडत नाहीत, उभं केलं तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. हा संसर्ग नव्हे. आपलं मूल या मुलाशेजारी खेळलं म्हणून त्याला काहीही होत नाही.

आता कळण्याबद्दल. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना बौद्धिक अडचण असते, हे खरं. पण मग उरलेल्या निम्म्यांना ती नसते, हेही तितकंच खरं. चारातल्या एका मुलाला बोलता येत नाही, कारण जीभ, ओठ आणि घसा यांचे स्नायू त्याच्या ताब्यात नसतात. लाळ गळते ती गिळणं नीट जमत नाही म्हणून. काही मुलांचे हातपाय आपोआप वळवळतात. बोलायला जावं तर चेहरा वेडावाकडा होतो, पेला धरायला जावं तर हात भलतीकडेच जातो. नवजात बाळाची कावीळ फार वाढून वेळेवर उपचार झाले नाहीत, तर बऱ्याचदा हा प्रकार होतो, आणि त्यात ऐकूही कमी येऊ शकतं. या मुलांची बुद्धी अनेकदा शाबूत असते. दिसायला मात्र तीच सगळ्यांत जास्त 'न कळणारी' दिसतात. माझ्या मते सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो यांच्यावरच.

मुंबईच्या मालिनी चिब यांचं उदाहरण मला नेहमी सांगावंसं वाटतं. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांची आई मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली आणि अशा मुलांच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. मालिनी झेवियर्स कॉलेजात शिकल्या, पुढे लंडनला जाऊन त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, आणि एका बोटाने टंकून 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिलं.

म्हणून श्रोतेहो, मुलाशी बोलायचं ते त्याच्याकडे बघून. नाव त्यालाच विचारा आणि थांबा. उत्तर यायला अर्धं मिनिट लागेल. कदाचित ते डोळ्यांनी येईल, वर बघणं म्हणजे हो, बाजूला बघणं म्हणजे नाही. घरी एका पुठ्ठ्यावर पाणी, शी-शू, दुखतंय, आजी, बाहेर जाऊ या अशी चित्रं चिकटवा. मूल बोटाने किंवा नजरेने दाखवेल. चित्रं वापरली तर बोलणं मागे पडतं, अशी भीती आयांना वाटते. तसं होत नाही.

'दुखतंय' हे चित्र मात्र विसरू नका. चारातल्या तीन मुलांना वेदना असतात. स्नायू आखडतात, तिघांतल्या एकाचा खुबा जागेवरून सरकतो. मूल रात्री रडतं आणि घरात म्हणतात, हट्टी झालाय. खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढलाच पाहिजे, मूल चालत नसेल तर जास्तच.

आता कारणांबद्दल. "ग्रहणात विळीवर बसली असशील," हे वाक्य ऐकलं नाही अशी आई माझ्याकडे क्वचितच येते. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही. तरीही 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात, आपल्या सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात अपंग मुलांना बरं वाटावं म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं. खरी कारणं वेगळी आहेत: दिवस भरण्याआधी जन्म, फार कमी वजन, गरोदरपणातला काही प्रकारचा संसर्ग, नवजाताची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, जन्मताना प्राणवायू कमी पडणं. 1862 साली लंडनमध्ये डॉ. विल्यम लिटल यांनी अवघड बाळंतपणाला दोष दिला. 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी शंका काढली, की बिघाड आधीच गर्भात झालेला असेल आणि बाळंतपण अवघड गेलं तेही त्यामुळेच. आज आपल्याला ठाऊक आहे, की अनेक मुलांच्या बाबतीत फ्रॉइड यांचं म्हणणं खरं आहे. कितीतरी वेळा नेमकं कारण सापडतही नाही. सासूबाईंनो, सुनेला दोष देऊ नका. तिच्या हातून काही चुकलेलं नाही.

दुसरं वाक्य, "याचा बापही उशिराच चालला." या वाक्यापायी मुलांची मोलाची वर्षं जातात. बाळ चार महिन्यांनंतरही मान धरत नाही, मुठी घट्ट मिटलेल्या राहतात, नऊ महिन्यांचं झालं तरी बसत नाही, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, तर थांबू नका. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर तेवढे आठवडे वजा करून वय धरा. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर अशा बाळांसाठी केंद्रं आहेत, त्यांना डीईआयसी म्हणतात. तिथे तपासणी मोफत होते.

उपचारांचं म्हणाल, तर जमीन गहाण टाकून स्टेम सेलची इंजेक्शनं घेऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेरेब्रल पाल्सीवर हा मान्य उपचार नाही. उपयोग होतो तो रोजच्या व्यायामाचा, नीट बसवून भरवण्याचा, पायाच्या स्प्लिंटचा, गरजेप्रमाणे बोटॉक्सचा किंवा शस्त्रक्रियेचा.

"चालेल का हो?" असं आईवडील विचारतात. दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसायला लागलेलं मूल बहुधा चालतं. जे चालणार नाही, त्याला चाकांची खुर्ची लवकर द्या, म्हणजे शाळा चुकणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. त्यासाठीचा अर्ज शाळेमार्फत करायचा असतो. परीक्षा तोंडावर येईपर्यंत थांबू नका, जूनमध्येच मुख्याध्यापकांशी बोलून घ्या. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत सोबत न्या.