ओस्लोच्या धक्क्यावर



वर्ध्याचा मनुष्य समुद्राविषयीं काय बोलणार, असें आपण म्हणाल, आणि तें खोटें नाहीं. पवनारच्या धाम नदीहून मोठें पाणी मीं बाळपणीं पाहिलेंच नव्हतें. तरी मुलाच्या आग्रहावरून आम्ही उभयतां उत्तर युरोपच्या फेरीस निघालेल्या एका प्रवासी बोटीवर चढलों. सुमारें शंभर किलोमीटर लांबीच्या खाडींतून वाट काढीत ती बोट एका सकाळीं ओस्लोस लागली. सायंकाळीं पांचाला ती पुन्हा निघणार होती.

धक्क्याच्या माथ्यावरच आकेर्सहुस हा जुना किल्ला आहे. बोटीवरील मंडळी, आणि त्यांच्याबरोबर आमचें कुटुंब, व्हीगेलानचीं शिल्पें पाहावयास गेलीं. मीं मात्र पायींच नगरभवनाची वाट धरली. दोन चौकोनी मनोऱ्यांची ही तांबड्या विटांची इमारत. १९९० पासून दर १० डिसेंबरला शांततेचें नोबेल पारितोषिक येथेंच दिलें जातें. बाकीचीं पारितोषिकें स्टॉकहोमला. हें एक येथें, कारण ह्याची निवड नोबेलनें नॉर्वेच्या पार्लमेंटनें नेमलेल्या पांच जणांवर सोंपविली.

मला तेथें काय खुपत होतें, हें वर्धेकरांस सांगावयास नको. १९३७ सालीं ओले कोलब्योर्नसेन ह्या पार्लमेंटच्या सभासदानें गांधीजींचें नांव प्रथम सुचविलें, तेव्हां गांधीजी आमच्या जिल्ह्यांत सेगांवास राहत होते. (त्यांचें टपाल शेगांवास जाई, म्हणून १९४० सालीं सेगांवाचें सेवाग्राम झालें.) पुढें आणखी चार वेळां तें नांव आलें. १९४७ सालीं पांचांपैकीं दोघे अनुकूल होते. फाळणीच्या त्या दिवसांत उरलेल्या तिघांचें मन वळेना. १९४८ च्या सूचना पोंचत होत्या, तोंच ३० जानेवारी उजाडली. मरणोत्तर द्यावें, तर रक्कम कोणाच्या हातीं द्यावयाची? मागें संस्था नाहीं, मालमत्ता नाहीं, मृत्युपत्र नाहीं. हयात असा योग्य उमेदवार नाहीं, असें म्हणून समितीनें त्या वर्षीं कोणालाच पारितोषिक दिलें नाहीं.

ह्यावरून घरीं वडिलांशीं माझा वाद होई. मीं संतापावें, आणि त्यांनीं टकळी फिरवीत विचारावें, “दिलें असतें, तर त्यांनीं तें ठेवलें असतें कोठें?”

राजवाड्याच्या बागेमागें नोबेल समितीची वास्तु आहे. मी बाहेरच बसलों. शेजारीं एक वृद्ध बाई होत्या. मी कोठून आलों तें ऐकतांच त्या म्हणाल्या, “तें आमच्याकडून राहून गेलें.” इतकी वर्षें जुळवून ठेवलेलें माझें इंग्रजी भाषण त्यांच्या ह्या एका वाक्यानें निकामी झालें!

मग ती झोपडी कशी आहे, तें त्यांनीं विचारलें. मीं शहराच्या नकाशामागें बापूकुटी काढून दाखविली. ह्या मातीच्या भिंती, हा बांबू, ही बसावयाची चटई, आणि अंगणांत १९३६ सालीं बापूंनींच लावलेला पिंपळ. दार फार ठेंगणें निघालें, तें त्यांनीं पुन्हा काढावयास लावलें.

कागद त्यांनीं मागून घेतला. नकाशा हातचा गेल्यामुळें परततांना मी दोनदां वाट चुकलों. धक्क्यावर पोंचलों तेव्हां बोटीवर चढणारा मीच शेवटचा होतों, आणि आमचें कुटुंब कठड्याशीं उभें होतें.