नाकारले ते काय?



आम्ही नृत्य-अभिनय करणारी माणसे. 'नाचून समाजाचे काय भले होणार?' असे आम्हांस आजही विचारले जाते. पठ्ठे बापूराव व पवळाबाई यांच्या तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी सत्याग्रहासाठी स्वीकारले नाहीत. परंतु भीमराव कर्डकांचा जलसा त्यांच्याच चळवळीचे साधन झाला. म्हणजे नाकारली ती कला नव्हे, जातीने लादलेले नाचणे. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ व १९९० साली राष्ट्रपतिपदके लाभली. २००२ साली त्या हलाखीतच गेल्या. टाळ्यांवर म्हातारपण निभत नाही.

आमच्या मुलींनी अवश्य नाचावे. पण स्वेच्छेने, शिक्षण पदरी बांधून आणि मोबदला ताठ मानेने मागून.

जयभीम!