ग्रंथालय ही शहराची गरज



या अधिवेशनासाठी राज्यभरातून आलेले ग्रंथपाल, ग्रंथालय कर्मचारी, कार्यकर्ते आणि वाचक अशा आपणा सर्वांचे स्वागत समितीच्या आणि समस्त ठाणेकरांच्या वतीने मनःपूर्वक स्वागत करतो.

१ जून १८९३ रोजी याच ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केले. मराठी ग्रंथ एका ठिकाणी जमवावेत, जपावेत आणि वाचकांच्या हाती द्यावेत, हा त्यांचा ध्यास होता. तेव्हाचे ठाणे तळ्याकाठचे लहानसे गाव होते. पुढे वागळे इस्टेटमधले कारखाने आले, कोकणातून, घाटावरून कामगार आले. आता घोडबंदर रस्त्यावर टोलेजंग इमारती उभ्या आहेत. शेजारच्या दारावरची पाटीही न वाचलेली माणसे तिथे राहतात. अशा शहरात ओळखपाळख वाढावी कुठे?

उत्तर पाहायचे असेल तर सकाळी कोणत्याही वाचनालयात जावे. वृत्तपत्रांच्या तिरक्या फळीशी निवृत्त गिरणी कामगार आणि कॉलेजचा मुलगा एकच अग्रलेख वाचत असतात. एका खोलीच्या घरात चौघांत झोपणारी मुलगी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दिवाळी संपली की दिवाळी अंक योजनेचे सभासद देवघेव काउंटरशी जमतात, ‘तो कथेचा अंक आला का परत?’ म्हणून विचारतात आणि तिथेच दोन घरांची ओळख होते. तिथे काही विकत घ्यावे लागत नाही आणि कुणी जातपात विचारत नाही.

महाराष्ट्रात ग्रंथालये आधी आली, कायदा मागाहून. रत्नागिरीत १८२८ साली, नाशिकला १८४० साली, पुण्यात १८४८ साली वाचनालये सुरू झाली आणि पुढे लोकांच्या वर्गणीवर, देणग्यांवर वाढली. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने या लोकसंस्थांना शासनमान्यता व अनुदान दिले, हे मोठेच काम झाले. पण मद्रासच्या १९४८च्या कायद्यात ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नाने ग्रंथालय उपकराची जी तरतूद आली, ती आपल्याकडे आली नाही. म्हणून आजही फाटलेली पुस्तके बांधून घ्यायची की नवी घ्यायची, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे असतो. आणि आयुष्य ग्रंथालयात घालवलेला कर्मचारी वेतनश्रेणीची वाट पाहत निवृत्त होतो.

मित्रहो, पाणी, रस्ते, दिवे ही शहराची गरज आहे, तशीच ग्रंथालय हीही गरज आहे. विकास आराखड्यात ग्रंथालयासाठी राखलेला भूखंड ग्रंथालयालाच मिळाला पाहिजे. नव्या वसाहतीत मुलांना पायी जाता येईल इतक्या अंतरावर वाचनालय हवे. कर्मचाऱ्याला सन्मानाचे वेतन हवे, आणि त्यासाठी हक्काचा, कायम निधी हवा.

या दोन दिवसांत आपण चर्चा कराल, परिसंवाद ऐकाल. माझी विनंती एवढीच, की या तीन मागण्यांचे ठराव इथे मंजूर करा आणि आपापल्या गावी परतल्यावर ते नगरसेवकांच्या आणि आमदारांच्या हाती स्वतः नेऊन द्या. ठाणेकर त्या कामात आपल्याबरोबर राहतील, हा शब्द देतो आणि आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करतो.