परदेशातील मरण आणि आपली जबाबदारी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आतापर्यंत परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे शिक्षण अशा उपयुक्त विषयांवर विचार मांडले गेले. माझा विषय ऐकून कदाचित काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. घरात कुणी मरणाची गोष्ट काढली की आपण त्याला "असले अभद्र बोलू नकोस" म्हणून गप्प करतो. परंतु ज्या समाजातील निम्मी कर्ती माणसे समुद्रापलीकडे राबत आहेत, त्या समाजाने या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालणार नाही. आपला माणूस परदेशी वारला तर त्याचे दफन कोठे करावयाचे, आणि हे ठरवावयाचे कोणी? एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

आपल्या कोकणाला परदेश नवा नाही. आपले आजे-पणजे आगबोटींवर खलाशी आणि सारंग म्हणून गेले. केपटाऊनला कोकणी मुसलमानांची वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाताची दारे उघडली. कुवेत, सौदी, दुबई, मस्कत, कतार ही नावे आपल्या मोहल्ल्यांत चिपळूण-महाडइतकीच घरगुती झाली. या कमाईतून घरे उभी राहिली, मशिदी सजल्या, आपल्या शाळेच्या इमारतीचे कितीतरी दगडही त्यातूनच आले. मग जो माणूस हे सारे आपल्याला देतो, त्याच्या अखेरच्या प्रवासाचा विचार आपण करावयास नको काय?

आखातात मृत्यू झाल्यावर काय घडते ते आधी पाहू. रुग्णालय मृत्यूचा दाखला देते. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचा तपास होतो आणि तो पुरा झाल्याशिवाय मय्यत मिळत नाही. त्यानंतर भारतीय वकिलातीत मृत्यूची नोंद करावी लागते. वकिलात पासपोर्ट रद्द करते आणि तेथेच दफन करण्यास किंवा मय्यत भारतात नेण्यास ना-हरकत पत्र देते. मात्र या सर्व कामाची किल्ली एका कागदात असते. तो म्हणजे घरच्या वारसांचे नोटरीसमोर केलेले संमतिपत्र. मय्यत तेथे दफन करावी की घरी पाठवावी, आणि तेथे कागदोपत्री व्यवहार कोणी करावा, हे त्यात लिहावे लागते.

आता विचार करा, हे पत्र लिहावयाचे कोणी? ज्या बाईवर आभाळ कोसळले आहे, तिने. आमच्या गावात एका घरी असा प्रसंग आला तेव्हा घरात इंग्रजी वाचू शकणारा एकच जीव होता, इयत्ता नववीतील मुलगी. बाप वारल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारी ती पोरगी कंपनीकडून आलेला मजकूर काकाला समजावून सांगत होती. आजी म्हणत होती, "मला माझ्या लेकाचे तोंड पाहावयाचे आहे." काका म्हणत होते, तेथेच दफन व्हावे. आई काहीच बोलत नव्हती. वारलेल्या माणसाने याविषयी कधी एक शब्दही सांगून ठेवला नव्हता. निर्णय व्हायला सहा दिवस लागले, आणि ते सहा दिवस मय्यत शीतगृहात राहिली. त्यात कोणाचा दोष होता असे मला म्हणावयाचे नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्याचा निर्णय होता, त्याने तो हयातीत सांगितला असता तर घराचे ते सहा दिवस वाचले असते.

आता या बाबतीत दीन काय सांगतो ते पाहू. मी आलिम नाही, शिक्षक आहे. तेव्हा मसला आपल्या इमामसाहेबांकडून समजून घ्यावा. परंतु काही गोष्टी सर्वमान्य आहेत. दफनाला विनाकारण उशीर करू नये, ही हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची शिकवण आहे. उहुदच्या लढाईत शहीद झालेल्यांना नातलग मदिनेत नेऊ लागले, तेव्हा त्यांना जेथे शहीद झाले तेथेच दफन करण्याचा हुकूम झाला, असे हदीसमध्ये आले आहे. आपण कोकणातील बहुतेक लोक शाफई मजहबाचे. इमाम नववी यांनी मय्यत दुसऱ्या गावी नेण्यास मनाई सांगितली आहे. काही विद्वान हे मना नव्हे, मकरूह मानतात आणि मक्का, मदिना किंवा बैतुल मुकद्दस जवळ असल्यास सवलत देतात. शिवाय विमानाने मय्यत पाठवावयाची तर शरीरात औषधे भरून ते टिकवावे लागते आणि जस्ताचे अस्तर लावलेल्या पेटीत ते बंद करावे लागते. मय्यतीची हुरमत जपावी, या भावनेला ते रुचणारे नाही. म्हणून जेथे मुसलमानांचे कब्रस्तान आहे आणि गुस्ल, कफन, नमाज व दफन रीतसर होते, तेथेच दफन करणे बरे, असे मला वाटते. सौदी, कुवेत, दुबई येथे ही सोय आहे. कुवेतचे सुलैबिखात कब्रस्तान तर आपल्या अनेक घरांना नावाने ठाऊक असेल.

"पण मग आम्ही जनाज्याची नमाज कशी पढणार?" असे कोणी विचारील. शाफई मजहबात गैरहजर मय्यतीची, म्हणजे गायबाना नमाज जायज आहे. हबशाचा बादशहा नजाशी वारला तेव्हा मदिनेत त्याची अशी नमाज झाली होती. तेव्हा दफन रियाधला झाले तरी दापोली-मंडणगडच्या मशिदीत आपण सारे एकत्र उभे राहू शकतो. हनफी बांधवांचे मत वेगळे आहे, पण दुआ आणि ईसाले सवाब यांना अंतराची अट कोठेच नाही.

माझ्या माता-भगिनींना एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. इद्दत मृत्यूच्या दिवसापासून मोजली जाते, दफनाच्या दिवसापासून नव्हे. मय्यत येण्यास उशीर झाला म्हणून ती लांबत नाही.

आता आईच्या मनाचे काय? मुलाचे तोंड पाहण्याची तिची इच्छा खोटी नाही आणि तिला कोणी अडाणीपणा म्हणू नये. म्हणूनच तिची समजूत मुलगा हयात असताना मुलानेच घालावयाची असते. ते काम जमातीच्या चार माणसांनी मय्यतीच्या दिवशी दारात उभे राहून करावयाचे नसते.

परक्या मातीत निजणे ही काही बेइज्जती नव्हे, याला इतिहास साक्षी आहे. दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर १८६२ साली रंगूनमध्ये वारला आणि तेथेच दफन झाला. उलट ब्रह्मदेशचा राजा थिबा १९१६ साली आपल्या रत्नागिरीत वारला आणि त्याची समाधी आजही तेथे आहे. दोघेही कैदी होते, त्यांना निवड करण्याची मुभा नव्हती. मौलाना मुहम्मद अली जौहर १९३१ साली लंडनला वारले आणि त्यांचे दफन बैतुल मुकद्दसला झाले. मुंबईत जन्मलेले आणि कुरआनच्या इंग्रजी भाषांतरामुळे जगभर पोहोचलेले अब्दुल्ला युसुफ अली लंडनजवळच्या ब्रुकवुड कब्रस्तानात आहेत. मुंबईचे 'बॉम्बे क्रॉनिकल' संपादणारे आणि कुरआनचे दुसरे प्रसिद्ध भाषांतरकार पिकथॉल हेही तेथेच. आणि ज्यांना कबरच मिळाली नाही त्यांचे काय? २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली 'तिलावा' बोट जपानी पाणबुडीने बुडविली आणि २८० माणसे गेली. दर्याच त्यांची कबर झाला. अल्लाहच्या दरबारात पत्ता चुकत नाही.

कोणी म्हणेल, "आजकाल विमाने आहेत, दोन दिवसांत मय्यत येते." येते, पण नेहमीच नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे सारे बंद असताना अबुधाबीहून दिल्लीला आलेल्या तीन भारतीयांच्या मय्यती विमानतळावरून परत पाठविल्या गेल्या. पुढे सरकारने नियम स्पष्ट केले, पण तोपर्यंत त्या घरांनी काय सोसले असेल याची कल्पना करा. त्या काळात कितीतरी जणांना तेथेच दफन करावे लागले. ज्या घरात आधी बोलणे झाले होते, त्या घराने ते सबुरीने स्वीकारले.

तरीही कुणाला मय्यत मायदेशी आणावयाचीच असेल, तर तो त्या घराचा अधिकार आहे आणि जमातीने त्यात साथ द्यावी. काही गोष्टी मात्र माहीत असाव्यात. सौदी कामगार कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे मय्यत पाठविण्याचा खर्च मालकावर आहे, वारसांच्या संमतीने तेथेच दफन झाले तर गोष्ट वेगळी. मालक टाळाटाळ करीत असेल आणि घरची ऐपत नसेल तर वकिलातीकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून मदत मागता येते. इमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या पासपोर्टवर जाणाऱ्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. तीत अपघाती मृत्यूस दहा लाख रुपयांचे संरक्षण आहे. कितीतरी घरांत ती पॉलिसी पेटीच्या तळाशी पडून राहते आणि मुदत निघून जाते. विमानतळावरील आरोग्य खात्याच्या परवानगीसाठी ऑगस्ट २०२३ पासून 'ई-केअर' ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली आहे.

विलायतेत राहणाऱ्यांचे प्रश्न वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये मृत्यूची नोंद सर्वसाधारणपणे पाच दिवसांत करावी लागते, आणि मृत्यूचे कारण स्पष्ट नसेल तर कोरोनरची चौकशी होते. मय्यत देशाबाहेर न्यावयाची तर त्याची परवानगीही कोरोनरकडूनच घ्यावी लागते. तेथे कबरीची जागा बहुधा पैसे मोजून घ्यावी लागते आणि ती स्वस्त नसते. म्हणून अनेक मशिदींच्या मय्यत कमिट्या वार्षिक वर्गणी घेतात. तेथे स्थायिक झालेल्या प्रत्येक कुटुंबाने अशा कमिटीचे सभासद व्हावे. ज्यांची मुले-नातवंडे तेथेच वाढत आहेत, त्यांनी आणखी एक विचार करावा. आपली कबर गावी असली तर तिच्यावर फातिहा पढायला येणार कोण?

आता कामाची गोष्ट. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने एक कागद करून घरी ठेवावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

१. मृत्यू आल्यास दफन कोठे व्हावे, हे स्वच्छ शब्दांत. खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार.

२. तेथील एका विश्वासू माणसाचे आणि घरच्या एका माणसाचे नाव व फोन नंबर.

३. पासपोर्ट, व्हिसा, कामाचा करार आणि विमा यांच्या प्रती.

४. मालकाचा किंवा कंपनीचा पूर्ण पत्ता.

५. देणे किती आणि येणे किती. शरीअतप्रमाणे मालमत्तेतून प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसियत आणि उरलेले वारसांना. कर्ज लिहून ठेवले नाही तर ते मय्यतीच्या मानेवर राहते.

६. बँक खाती आणि त्यांवरील वारसनोंद.

आणखी दोन सूचना. दफनाची संमती देणे आणि कंपनीकडील येणे रक्कम सोडून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुःखाच्या घाईत समोर आलेल्या प्रत्येक कागदावर सही करू नका, आधी तो कोणाकडून तरी नीट वाचून घ्या. दुसरे असे की मृत्यू परदेशात झाला तर त्याची नोंद वकिलातीत होते, दफन गावी झाले म्हणून ग्रामपंचायतीत नव्हे. तेव्हा वकिलातीचा दाखला आणि अरबी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर जपून ठेवा. बँक, विमा, सातबारा, सगळीकडे तेच लागणार आहे.

आपल्याबरोबर राबणाऱ्या हिंदू बांधवांचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. सौदीत अग्निसंस्काराची सोय नाही, त्यामुळे त्यांच्या घरच्यांना देह मायदेशी आणण्याखेरीज इलाज नसतो. अशा वेळी अरबी जाणणारा, कचेऱ्यांत वावरणारा आपला कोकणी माणूस पुढे झाला तर त्याच्यासारखी शेजारधर्माची दुसरी सेवा नाही.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ देतो. याला गुण नाहीत. तुमचे वडील, भाऊ किंवा मामा सुटीवर येतील तेव्हा भेटवस्तूंच्या पेट्या उघडून झाल्या की एका संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. अदबीने विचारा, "अब्बा, आमच्या सरांनी हा कागद भरून आणायला सांगितला आहे." पहिल्याने ते हसतील, कदाचित रागावतीलही. तरी माझे नाव सांगा आणि लिहून घ्या. तुम्हाला जे चार इंग्रजी शब्द आम्ही शिकविले, त्यांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. आणि पालकांनो, मुलाने विचारले तर त्याला झिडकारू नका. तुम्ही त्याला फी दिलीत, गणवेश दिलात. ही सहा ओळींची मोकळी उत्तरेही द्या, म्हणजे एखाद्या सकाळी त्या लहान जिवावर मोठ्यांचा निर्णय येऊन पडणार नाही.

अल्लाह आपल्या सर्व प्रवासी बांधवांना आरोग्य आणि दीर्घायुष्य देवो, आणि जे परक्या मातीत निजले आहेत त्यांची मगफिरत करो.  खुदा हाफिज. जय हिंद.