साखवाळचा भिक्खू आणि सोपाऱ्याचा पूर्ण

(चिखलोली येथे तरुणांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशात धर्मकार्य करताना पदरी येणारा नकार आणि त्याच कार्यात लाभणारा आनंद, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. आपल्यापैकी काही जण नोकरीच्या निमित्ताने सातासमुद्रापार जाण्याच्या तयारीत आहेत. आठवड्याचे पाच दिवस कंपनीचे आणि उरलेले दोन दिवस आपल्या धर्मसंस्कृतीच्या कामाचे, असा संकल्प त्यांनी सोडला आहे. संकल्प उत्तम आहे. मात्र तेथे आपले स्वागत कसे होईल, याविषयी त्यांच्या मनात जे चित्र आहे, त्याबद्दल मला आज थोडे बोलायचे आहे.

या विषयावर बोलू लागले की पहिले नाव स्वामी विवेकानंदांचे येते आणि ते यावेच. ३१ मे १८९३ रोजी स्वामीजी आपल्या मुंबईच्या बंदरातूनच निघाले. शिकागोला पोहोचल्यावर त्यांना कळले की, परिषद सप्टेंबरात आहे आणि ओळखपत्राखेरीज तेथे प्रवेश नाही. जवळचे पैसे भराभर संपत होते. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक राइट यांनी परिचयपत्र दिले आणि दार उघडले. स्वामी प्रभुपाद १९६५ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, सिंदिया कंपनीच्या मालवाहू बोटीने अमेरिकेस गेले. वाटेत त्यांना हृदयविकाराचे झटके आले आणि न्यूयॉर्कमध्ये कित्येक महिने त्यांच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. या दोन्ही कथा आपण अनेकदा ऐकल्या आहेत. त्यांच्या शेवटी टाळ्यांचा कडकडाट आहे, म्हणूनच कदाचित आपल्याला त्या इतक्या आवडतात. मला आज अशा एका मराठी माणसाविषयी सांगायचे आहे, ज्याच्या वाट्याला टाळ्या फार थोड्या आल्या.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ या गावी झाला. राज्य पोर्तुगीजांचे, घरी नारळाची बाग, प्रकृती तोळामासा आणि शाळेतले शिक्षण नावापुरते. ‘बालबोध’ या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी भगवान बुद्धांविषयी वाचले आणि त्या वाचनाने या तरुणाचे सारे आयुष्य उलटेपालटे केले. (मासिकांत लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट धीर देते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपला मजकूर कोणत्या गावी, कोणत्या बागेत, कोणाच्या हाती पडेल, याचा भरवसा नसतो.) बुद्धाचा धर्म मुळातून शिकावा आणि आपल्या भाषेत आणावा, एवढी एकच इच्छा. पण ती पुरी करण्याचे एकही साधन हाताशी नव्हते. संस्कृत येत नव्हते, पाली कोठे शिकवतात हे ठाऊक नव्हते, गाठीला पैसा नव्हता.

१८९९ साली त्यांनी घर सोडले. येथे क्षणभर थांबले पाहिजे. घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि काही महिन्यांची कन्या माणिक होती. धर्मकार्यासाठी घर सोडणाऱ्यांची चरित्रे लिहिताना आपण हे वाक्य घाईघाईने ओलांडतो. मला ते ओलांडता येत नाही. सुमारे सात वर्षे त्या माउलीने तान्ह्या मुलीसह वाट पाहिली. त्या त्यागावर तिचे नाव कोणी कोरले नाही. आपण परदेशात काम करायला निघाल, तेव्हा त्या कामाचा भार मागे राहिलेल्या कोणाच्या खांद्यावर पडणार आहे, याचा हिशेब आधी मांडा, एवढेच मी म्हणेन.

पुण्याला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली, संस्कृतचा श्रीगणेशा झाला. तेथून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रातील जेवणावर दिवस काढत त्यांनी संस्कृत पक्के केले. १९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाची जन्मभूमी ज्या देशात, तेथे धर्म जिवंत असेल, ही अपेक्षा. प्रत्यक्षात जे दिसले, त्याने त्यांची घोर निराशा झाली. एवढ्या पायपिटीनंतर परत फिरणारा माणूस सहसा घरी जातो. हे बुद्धगयेला गेले. तेथून कलकत्ता, तेथून सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांनी त्यांना आश्रय दिला आणि श्रामणेर दीक्षाही दिली. पाली शिकणे सुरू झाले. पण तेथील अन्न प्रकृतीला मानवेना. पुन्हा गाठोडे बांधून मद्रास आणि १९०४ साली ब्रह्मदेश.

मित्रहो, मला या कथेतला सर्वांत आवडणारा भाग ब्रह्मदेशातला आहे. इरावतीच्या काठी सगाईंग म्हणून टेकड्यांचा प्रदेश आहे, तेथील गुहांत भिक्खू ध्यानधारणा करीत. तेथे कोसंबींसमवेत न्यानतिलोक नावाचे एक जर्मन भिक्खू होते. पूर्वाश्रमीचे ते व्हायोलिनवादक. म्हणजे गोव्याच्या नारळबागेतून आलेला एक आणि जर्मनीच्या संगीतशाळेतून आलेला दुसरा, असे दोघे ब्रह्मदेशाच्या डोंगरात एकाच साधनेला बसले होते. कोणी त्यांना बोलावले नव्हते, कोणी सत्कार करणार नव्हते, वृत्तपत्रांत बातमी येणार नव्हती. कोसंबींनी आपली हकीकत ‘निवेदन’ या पुस्तकात सांगितली आहे. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात उपासमार आहे, आजारपण आहे, अनोळखी दारांवरचे ताटकळणे आहे. मात्र कुरकुर जवळजवळ नाही. मी ते अनेकदा वाचले आणि प्रत्येक वेळी जाणवले की, हा माणूस ज्या गोष्टीसाठी निघाला होता ती त्याला रोज थोडी थोडी मिळत होती. रोज पालीचे चार शब्द अधिक कळत होते. लोकांनी दिलेला नकार आणि हा लाभ, यांचे खाते त्यांनी कधी एकत्र मांडलेच नाही.

या ठिकाणी मला आपल्याच परिसरातली एक फार जुनी कथा आठवते. आपण बसलो आहोत ते उल्हास नदीचे खोरे. याच खोऱ्यात वरच्या अंगाला कर्जतजवळ कोंडाण्याची लेणी आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. आणि वसईच्या बाजूला सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना स्तूपाचे अवशेष सापडले, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. त्या सोपाऱ्याचा पूर्ण नावाचा एक व्यापारी श्रावस्तीला गेला, भगवान बुद्धांचा शिष्य झाला आणि आपल्या सुनापरांत देशात जाऊन धर्म सांगण्याची परवानगी मागू लागला.

मज्झिम निकायात हा संवाद आला आहे. बुद्ध त्याला बजावतात की, तिकडची माणसे मोठी तापट आहेत, ती तुला शिव्या देतील. पूर्ण उत्तरतो की, मग मी समजेन, ही माणसे भली आहेत, हाताने मारीत नाहीत. हाताने मारले तर? ढेकळे फेकून मारीत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. ढेकळे फेकली तर? काठी उगारीत नाहीत. असे करत करत प्रश्न शस्त्रापर्यंत आणि अखेर प्राणापर्यंत जातो आणि पूर्णाचे उत्तर बदलत नाही. मग त्याला अनुज्ञा मिळते. त्या एकाच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका मिळवल्या, असे सुत्त सांगते.

तापट म्हणून ज्यांची ख्याती श्रावस्तीपर्यंत पोहोचली होती, ते लोक म्हणजे आपले पूर्वज बरे का! (सभेत हशा.) परदेशी माणसे आपले ऐकत नाहीत, अशी तक्रार आपण करतो, तेव्हा एकेकाळी ज्यांना ऐकवणे कठीण मानले जात होते ते आपणच होतो, हे स्मरणात असू द्यावे. आणखी एक बारकावा आहे. पूर्ण परक्या देशात गेला नाही. तो परक्या देशात शिकला आणि घेतलेले धन घेऊन घरी परतला. कोसंबींनी नेमके तेच केले.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले. वंगभंगाच्या चळवळीतून निघालेल्या नॅशनल कॉलेजात आणि पुढे विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. नोकरी चांगली होती. तिकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कळवले की, महाराष्ट्रात राहून काम कराल आणि वर्षाला एक पुस्तक लिहाल, तर दरमहा पन्नास रुपये देऊ. कलकत्त्यातील नोकरीत याहून कितीतरी अधिक मिळाले असते. कोसंबींनी पन्नास रुपये पत्करले. बडोद्यातील व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक आले, ते १९१० साली.

त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन नावाचे एक अमेरिकन पंडित, जन्मभर अपंगत्वाशी झुंजलेले, बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होते. ते काम अपुरे टाकून वॉरन १८९९ साली वारले. म्हणजे ज्या वर्षी कोसंबींनी साखवाळ सोडले, त्याच वर्षी. प्राध्यापक वुड्स यांच्या आग्रहाने हे अपुरे काम कोसंबींकडे आले. शाळा अर्ध्यावर सुटलेला माणूस हार्वर्डमध्ये बसून पालीच्या पोथ्यांचे पाठभेद तपासू लागला!

आणि तेथेच सर्वांत बोचणारा नकार आला. ग्रंथमालेचे संपादक प्राध्यापक लॅनमन हे मोठे विद्वान, यात शंका नाही. परंतु मुखपृष्ठावर श्रेय कोणाचे, यावरून तेढ पडली. कोसंबींचे म्हणणे होते की, केलेल्या कामाचे श्रेय कामाप्रमाणे मिळावे. ते जमेना. १९१२ साली ते काम सोडून परत आले. अन्न मिळाले नाही तर माणूस सोसतो, दार लावले तर दुसरे ठोठावतो. पण आपले काम घ्यायचे आणि नाव नाकारायचे, हा नकार विद्वानाच्या जिव्हारी लागतो. येथे कोसंबी नमले नाहीत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नम्रता म्हणजे अन्यायाला मान तुकवणे नव्हे. आणि तरीही त्यांनी त्या ग्रंथाशी वैर धरले नाही. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात सहा वर्षे पाली शिकवली, प्रा. पु. वि. बापट यांच्यासारखे शिष्य घडवले आणि १९१८ साली, मुलगी माणिक व मुलगा दामोदर यांना घेऊन, पुन्हा हार्वर्डची वाट धरली. चार वर्षांनी परतले तेव्हाही प्रश्न सुटलेला नव्हता. लॅनमन निवृत्त झाल्यावर ते तिसऱ्यांदा गेले आणि काम पुरे केले.

दरम्यान आणि पुढेही त्यांची भ्रमंती चालूच होती. अहमदाबादला गुजरात विद्यापीठ, १९२९ साली लेनिनग्राड, परतल्यावर शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंग, १९३७ साली परळच्या श्रमिक वस्तीत बहुजनविहार. एकेकावर स्वतंत्र व्याख्यान द्यावे, इतके हे समृद्ध आहे. आज वेळ नाही.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. कोसंबींची सगळी मते या सभागृहातील बहुतेकांना पटणार नाहीत. ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ या १९३५ सालच्या ग्रंथात वैदिक परंपरेवर त्यांनी जी टीका केली आहे, ती मलाही अनेक ठिकाणी एकांगी वाटते. मतभेद असावेत आणि ते मांडावेतही. पण आपल्या भाषेतील वाचकाला मूळ ग्रंथ मुळातून कळावेत म्हणून एवढी पायपीट करणाऱ्या माणसापुढे हात जोडायला मतैक्याची अट कशाला? उलट आपल्यापैकी जे तिकडे जाऊन गीता सांगणार आहेत, त्यांना मी विचारतो की, किती जणांनी ती संस्कृतातून वाचली आहे? समोरचा माणूस दोन प्रश्न विचारतो, आपल्याला उत्तर येत नाही आणि मग आपण घरी येऊन म्हणतो की, त्यांना आपल्या संस्कृतीचे प्रेम नाही. तो नकार आपल्या धर्माला नसतो, आपल्या अपुऱ्या तयारीला असतो.

‘विसुद्धिमग्ग’चे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. देवनागरी लिपीतील आवृत्ती भारतीय विद्या भवनाने मुंबईत १९४० साली काढली. प्राध्यापक लॅनमन १९४१ साली वारले. कोसंबींचे शरीर थकत गेले, तेव्हा त्यांनी सेवाग्रामला अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. गांधीजींनी दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. हार्वर्डची आवृत्ती प्रसिद्ध झाली १९५० साली. पहिल्यांदा बोटीत बसल्यापासून चाळीस वर्षांनी आलेल्या त्या ग्रंथावर वॉरन यांचे नाव आहे आणि त्याच्या खाली, संस्करण करणारा म्हणून, साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे.