अंगावरच्या खुणांची चौकशी

व्यासपीठावरील संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापिका बाई, शिक्षकवृंद, पालक आणि ज्यांचं निम्मं लक्ष माझ्यानंतरच्या नाटिकेकडे लागलंय त्या मुलामुलींनो,

मघाशी निवेदन करणाऱ्या मुलीनं माझी ओळख 'सुप्रसिद्ध सौंदर्यतज्ज्ञ' अशी करून दिली. तिला बोल लावत नाही, माझ्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या कित्येकांचाही तोच समज असतो. मी त्वचारोगांची डॉक्टर आहे. खरूज, नायटा, इसब, सोरायसिस, कोड, कुष्ठरोग हे माझं रोजचं काम. माणसाला गोरं करून देणं त्यात येत नाही. लग्नसराई जवळ आली की आया मुलींना घेऊन येतात आणि मुलीच्या देखतच म्हणतात, "हिचा रंग जरा उजळेल असं काहीतरी द्या." मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत असते. मी आईला सांगते, हिच्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून हिला जपतंय. हा आजार नाही, त्यामुळे औषधही नाही. आपल्याकडे 1975 पासून खपणाऱ्या एका क्रीमनं 2020 मध्ये नावातला 'फेअर' हा शब्द काढून टाकला. लग्नाच्या जाहिरातींतून 'गोरी' कधी जाते ते बघायचं.

मी ही शाखा घेतली तेव्हा घरात पेढे वाटले गेले नाहीत. एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, पुढे एमडीची तीन, आणि एवढं करून मुलगी खाजेची डॉक्टर होणार! वडिलांना सर्जन हवी होती. आमचा विभाग रुग्णालयाच्या पार मागच्या टोकाला, वर 'त्वचा व गुप्तरोग' अशी पाटी. पेशंट आत शिरण्याआधी कुणी ओळखीचं बघत नाही ना याची खात्री करून घ्यायचे. सर्जरीतले मित्र चिडवायचे, "बरंय तुमचं, पेशंट मरतही नाही आणि बराही होत नाही." आज वरच्या रँकची मुलं हीच जागा आधी उचलतात, कारण रात्रीचे फोन नाहीत आणि लेझरला पैसा आहे. माझी तक्रार नाही, रात्रीची झोप कुणाला नको असते? फक्त लेझरच्या ओढीनं येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की दिवसभरात समोर येते ती बहुतेक खाजच. तिचा कंटाळा येणार असेल तर दुसरी शाखा बघा.

आम्हाला निदानाला मोठी यंत्रं क्वचित लागतात. भरपूर उजेड लागतो, एक भिंग लागतं आणि प्रश्न विचारायची चिकाटी लागते. काय लावता? काय नेसता? काम कुठे करता? घरात आणखी कुणाला खाजतं का, आणि रात्री जास्त का? माझ्या सगळ्या करिअरचा ऐवज म्हणाल तर हे प्रश्न आहेत.

एक शेतकरी आठवतात. वय साठीच्या आसपास. पापण्या जाड होऊन डोळे अर्धे मिटलेले, कानामागे भेगा, मान काळवंडून चामड्यासारखी झालेली, कोपराच्या आतल्या घडीत खाजवून खाजवून ओरखडे. सदऱ्याखालची पाठ मात्र अगदी स्वच्छ. बरोबर आलेल्या काकू म्हणाल्या, "पावसाळ्यात बांधावर गेले की भडकतं, पोरीकडं मुंबईला राहिले की बसतं." अर्धं निदान त्यांनीच करून टाकलं. जी कातडी उघडी असते आणि जिथे घडीत धूळ साठते तिथेच पुरळ, म्हणजे हवेतून काहीतरी येऊन बसतंय. आम्ही पॅच टेस्ट केली. वेगवेगळ्या पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवायचे, दोन दिवसांनी पट्टी काढायची आणि कुठला ठिपका लाल होऊन फुगलाय ते बघायचं. गाजर गवताचा ठिपका टरारून वर आला होता.

हे गवत तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. बारीक पांढरी फुलं, गाजरासारखी कातरलेली पानं. मूळचं ते आपलं नाहीच. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि अमेरिकेहून आलेल्या धान्यातून बी आलं असावं असं मानतात. पुढे त्यानं देशभर रस्त्यांच्या कडा आणि पडीक जमिनी व्यापल्या. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याची काहींच्या शरीराला ॲलर्जी जडते. एकदा जडली की सहसा सुटत नाही. त्या गृहस्थांना औषधं दिली, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला सांगितला आणि बांधावरचं गवत काढून टाका म्हटलं. ते हसले. "डॉक्टरबाई, माझ्या बांधावरचं काढीन. शिवाराचं कोण काढणार?" याला माझ्याकडे औषध नव्हतं. मात्र श्रमदानात तुमच्या शाळेची मुलं हे गवत उपटतात असं मघाशी वाचलेल्या अहवालात ऐकलं, म्हणून बाईंना हात जोडून सांगते: हातमोजे आणि तोंडाला रुमाल असल्याशिवाय मुलांना लावू नका, आणि काढायचं ते फुलावर येण्याआधी.

असाच एका बाईंच्या कपाळावरचा डाग. मधोमध, वाटोळा, पांढराफटक. सासरच्यांनी कोड ठरवून टाकलं होतं आणि धाकट्या जावेनं त्यांच्या ताटाला हात लावणं बंद केलं होतं. (कोड असतं तरी ते शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणाच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, तेव्हा कोड होतं.) मी त्यांच्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट मागितलं आणि एक टिकली डागावर ठेवली. तंतोतंत बसली. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं आणि ते रंगाच्या पेशी मारतं. टिकली लवकर थांबवली तर रंग परतण्याची आशा असते.

कपड्यांचंही तसंच. गोव्यात केप्याला जन्मलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्याकडच्या रोगनिदानशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांनी आणि त्यांच्या सहलेखिका सूर्याबाईंनी 1945 मध्ये लिहिलेल्या निबंधात 'धोतराचा कॅन्सर' नोंदवला आहे. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी काचत राहिलेल्या गाठीपाशी होणारा कॅन्सर. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीमुळे होणाराही नोंदवला. हा अगदी क्वचित होतो, घाबरायचं कारण नाही. पण घरी जाऊन आजीला विचारा. नाडीच्या वळापाशी न भरणारी जखम असेल तर ती दाखवायची.

आता मोठ्या मुलांशी. जांघेत गजकर्ण झालं की तुम्ही आईला सांगत नाही, थेट मेडिकलमध्ये जाऊन ट्यूब आणता. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. महिन्याभरानं तुम्ही माझ्याकडे येता तेव्हा चकंदळं पोटापर्यंत पोचलेली असतात आणि मांडीवर कायमच्या भेगाळ रेघा उमटलेल्या असतात. 2018 मध्ये सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती अजून सर्रास मिळतात. लाजून वर्ष घालवण्यापेक्षा पाच मिनिटं लाजा आणि डॉक्टरांना दाखवा.

कुष्ठरोगाबद्दल बोलल्याशिवाय मी कुठल्याच शाळेतून जात नाही. 1873 मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरात हॅन्सन यांनी त्याचा जंतू दाखवून दिला. पूर्वजन्मीच्या पापाचा प्रश्न खरं तर तेव्हाच मिटायला हवा होता. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी 1949 मध्ये आनंदवनाला सुरुवात केली तेव्हा डॅप्सोन हे त्यावरचं औषध नुकतं कुठे वापरात येत होतं. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र द्यायला सांगितली आणि चित्र पालटलं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात ही औषधं फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घेतली की रोग बरा होतो. यात आमची तपासणी म्हणजे कापसाची एक वात. पेशंटनं डोळे मिटायचे, मी चट्ट्यावर वात टेकवायची आणि जिथे लागलं तिथे त्यानं बोट ठेवायचं. फिकट चट्ट्यावर वात टेकवली आणि बोट हललंच नाही, की मी कोपराच्या मागची शीर चाचपते. ती सुतळीएवढी जाड लागली की शंका फारशी उरत नाही.

त्या तीन औषधांपैकी एकानं, क्लोफाझिमिननं, काही महिने कातडी काळपट होते. एक तरुण म्हणाला होता, "डाग शर्टाखाली लपला असता, तुमच्या गोळीनं तोंडावर आणलं." तो मध्येच गोळ्या सोडून गेला असता तर मला नवल वाटलं नसतं, कारण 2019 पर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे आपल्याकडे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. त्यानं कोर्स पुरा केला. रंग हळूहळू निवळला.

आणि नागीण! तिची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, हे इथल्या प्रत्येकानं ऐकलंय. तिचा विषाणू कांजिण्यांचाच, लहानपणापासून एका शिरेच्या मुळाशी दडून बसलेला. ती शीर शरीराच्या एकाच बाजूची, त्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. टोकं जुळायची वाट बघत घरात बसू नका, पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झालं तर उपयोग जास्त.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. नाटिकेतल्या मुलांना तेवढं एक सांगते, कारण उद्या सकाळी तुमच्यातले दोघं-तिघं चेहरा सुजवून माझ्याकडे येऊ नयेत. रावणाच्या मिशा चिकटवल्यात त्या ओढून काढू नका. सगळा रंग आधी खोबरेल तेल लावून मऊ कापडानं पुसा, मग साध्या साबणानं धुवा. आणि चंदेरी रंगवाला जो कुणी विंगेत उभा आहे, त्यानं तो पापण्यांवर लावला असेल तर प्रवेश संपल्या संपल्या पुसून टाक रे बाळा, बक्षीस समारंभापर्यंत थांबू नकोस.