अंदालुशियन घोड्याची मिश्र संतति

घोड्यांच्या पैदाशींत एक जुना वाद आहे. उत्तम जातीचा घोडा हातीं असला, तर त्याचें रक्त शुद्ध राखावें, कीं दुसऱ्या जातीशीं संकर करून नव्या कामाला योग्य अशी प्रजा निपजवावी? या वादांत स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुशिया प्रांताच्या घोड्याइतका बोलका साक्षीदार क्वचितच सांपडेल.

हा घोडा फार उंच नव्हे. कमानदार मान, दाट आयाळ, आंखूड पाठ व भक्कम पुठ्ठे अशी त्याची ठेवण. सरळ धांवेंत इंग्लिश थरोब्रेड त्याला सहज मागें टाकील. परंतु अंगाचा भार मागच्या पायांवर घेऊन जागच्या जागीं पाऊल उचलणें, क्षणांत वळणें, क्षणांत थांबणें, यांत त्याचा हात धरणारे थोडे. दुसऱ्या फिलिप राजानें सोळाव्या शतकांत कोर्दोबा येथें राजपागा उभारून त्याची पैदास शिस्तीनें चालविली, आणि युरोपांतील राजेरजवाड्यांना आपल्या पदरीं स्पॅनिश घोडा असावा असें वाटूं लागलें.

त्या हौसेंतून ज्या पागा निघाल्या त्यांची हकीकत मोठी मनोरंजक आहे. डेन्मार्कमध्यें फ्रेडरिक्सबोर्ग येथें १५६२ सालीं, बोहेमियांत क्लाद्रुबी येथें १५७९ सालीं व आज स्लोव्हेनियांत असलेल्या लिपिका गांवीं १५८० सालीं राजाश्रयानें पैदास सुरू झाली. तिन्ही ठिकाणीं स्पॅनिश रक्त होतें. त्यांत इटलीच्या नेपल्सकडील घोड्यांचें व स्थानिक घोड्यांचें मिश्रण झालें. पुढें लिपिकाच्या ‘लिपिझान’ जातीचे जे सहा मूळपुरुष मानले गेले, त्यांची जन्मस्थानें पाहण्यासारखीं आहेत. प्लूटो (१७६५) डेन्मार्कच्या पागेंतला. मायस्तोसो (१७७३) व फावोरी (१७७९) क्लाद्रुबीचे. कॉन्व्हर्सानो (१७६७) व नेअपोलितानो (१७९०) नेपल्सच्या जातीचे. आणि सिग्लाव्ही (१८१०) हा अरब. म्हणजे स्पॅनिश रक्त डेन्मार्क, बोहेमिया असा प्रवास करून पुन्हां लिपिकांत एकत्र आलें! नेपल्सची ती जुनी जात नाहींशी झाली, पण कॉन्व्हर्सानोचा वंश व्हिएन्नाच्या ‘स्पॅनिश अश्वशाळें’त आजहि पाऊल उचलतो आहे. शाळेच्या नांवांतला ‘स्पॅनिश’ हा शब्द त्या मूळ घोड्याचीच आठवण होय.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन जातींचीं जनावरें जुळविलीं कीं तिसरी जात तयार झाली, असें पुष्कळांना वाटतें. पहिल्या पिढीचीं शिंगरें बहुधा एकसारखीं व जोमदार निघतात, आणि तेथेंच पैदासकर्ता फसतो. त्या शिंगरांची आपसांत जोडी लावली, म्हणजे दुसऱ्या पिढींत आजोळचे व आजोबांकडचे गुण पत्त्यांप्रमाणें पिसले जातात: एकाची मान स्पॅनिश तर पाय भलतेच, दुसऱ्याचा वेग बरा तर स्वभाव तापट. यांतून हवें तें राखणें व नको तें गाळणें, असें पिढ्यान् पिढ्या करावें तेव्हां कोठें जात स्थिर होते. लिपिझानला यासाठीं शतकें लागलीं.

रंगाचेंच पहा. या घोड्यांचीं शिंगरें काळीं वा तपकिरी जन्मतात व वयाबरोबर पांढरीं होत जातात. हें करडेपण एका जनुकामुळें येतें, व माता-पित्यांपैकीं एकाकडून तें आलें तरी पुरतें. म्हणून संकरांत तें झपाट्यानें पसरतें, आणि लोकांनाहि तेंच आवडतें. परंतु २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें, कीं याच जनुकीय फेरफाराबरोबर त्वचेच्या काळ्या गांठींचा रोगहि येतो, आणि दोन्हीकडून तें जनुक मिळालेल्या घोड्यांना त्याचा धोका अधिक. शोभेसाठीं रंग निवडणाऱ्यांनीं नकळत रोगहि निवडला होता.

आतां देणाऱ्याची बाजू. घोडी सुमारें अकरा महिने गाभण राहते व एका वेळीं बहुधा एकच शिंगरूं देते. तें मिश्र झालें, कीं शुद्ध वंशाचें त्या वर्षाचें शिंगरूं बुडालें. जेरेझच्या कार्थुसियन मठवासीयांनीं आपल्या घोड्या परक्या अवजड वळूंना देण्याचें नाकारलें, अशी स्पेनमध्यें परंपरागत कथा आहे. तिच्यांत दंतकथेचा अंश असेल, पण मठवासीयांचा हिशेब बरोबर होता. डेन्मार्कच्या राजपागेनें मात्र इतक्या सढळ हातानें उत्तमोत्तम घोडे विकले, कीं तिचा स्वतःचा कळपच खालावला व १८७१ सालीं ती बंद झाली.

स्पेननें १९१२ सालीं वंशावळीची नोंदवही उघडली व शुद्ध वंशांत बाहेरचें रक्त येऊं देण्याचें थांबविलें. पण कुंपणालाहि किंमत असतेच. २००५ सालच्या एका अभ्यासांत या जातींतील अंतःप्रजननाचें सरासरी प्रमाण सुमारें ८ टक्के भरलें. सख्ख्या चुलत भावंडांच्या संततींत तें सव्वासहा टक्के असतें, यावरून त्याचा अर्थ कळेल.

म्हणून आजचा शहाणा मार्ग शुद्ध व मिश्र यांच्या नोंदवह्या वेगळ्या ठेवण्याचा आहे. मेक्सिकोंत १९७२ सालीं ‘अस्तेका’ ही जात हेतुपूर्वक निपजविण्यास आरंभ झाला. अंदालुशियनची डौलदार चाल, अमेरिकन क्वार्टर हॉर्सचा थोड्या अंतरावरचा तुफान वेग व स्थानिक क्रिओलोचा काटकपणा तेथील चार्रो स्वारांना एकाच घोड्यांत हवा होता. तेथें पहिल्या दोन जातींचा अंश प्रत्येकीं तीन-अष्टमांश ते पांच-अष्टमांश व क्रिओलोचा जास्तींत जास्त एक-चतुर्थांश असें प्रमाणच आंखून दिलें आहे. स्पेनमध्येंहि अंदालुशियन व अरब यांच्या संकरापासून झालेल्या ‘हिस्पानो-अरब’ घोड्याची स्वतंत्र नोंद होते. गुरें राखण्यास तो फार उपयुक्त. तथापि सरकारी यादींत तो आज नामशेष होण्याच्या धोक्यांतील देशी जातींत मोडतो. तो टिकवावयाचा तर शुद्ध जातीच्या कांहीं घोड्या त्याच्यासाठीं द्याव्या लागतात, आणि दरवर्षीं किती द्यावयाच्या हा प्रश्न स्पेनच्या पैदासकर्त्यांपुढें उभाच आहे.